कोल्हापुरातून पोस्टडॉक कशी मिळवायची: डेटावर चालणाऱ्या संशोधनातल्या नोकऱ्यांची सविस्तर वाट

शिवाजी विद्यापीठातून पीएचडी झालेल्या कितीतरी जणांचं पुढे असं होतं. व्हायवा पार पडतो, पेढे वाटले जातात आणि जून उजाडला की सीएचबीच्या मुलाखती सुरू होतात. दोन-तीन कॉलेजांत तासिका तत्त्वावर तास घ्यायचे, उरलेल्या वेळात जमेल तसं संशोधन करायचं. दोन वर्षांत प्रबंधातलं विश्लेषण मागे पडतं आणि हातातला सरावही जातो. दुसरी वाट पुण्याच्या कंपन्यांकडे जाते. या दोन्ही वाटांनी गेलेल्यांबद्दल मला आदर आहे. पण ज्याला संशोधनच करायचं आहे, त्याला पोस्टडॉकची वाट नीट कुणी सांगत नाही, कारण आजूबाजूला त्या वाटेने गेलेली माणसं कमी. हा लेख त्यांच्यासाठी आहे. पीएचडी संख्याशास्त्रात असो, भौतिकशास्त्रात, जैवतंत्रज्ञानात, भूगोलात किंवा अर्थशास्त्रात, कामाचा कणा डेटा असेल तर पुढचं सगळं तुम्हाला लागू पडेल.

पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरची मुदतीची, पगारी संशोधनाची नोकरी. बहुतेक वेळा एक ते तीन वर्षांची. पदवी मिळत नाही, परीक्षा नसते. ती दोन प्रकारे मिळते. एखाद्या प्राध्यापकाकडे प्रकल्पाचा निधी असतो आणि तो माणूस शोधत असतो, हा पहिला प्रकार. तुम्ही स्वतःचा प्रस्ताव लिहून फेलोशिप मिळवता आणि ती घेऊन एखाद्या संस्थेत जाता, हा दुसरा. पहिल्या प्रकारात निर्णय काही आठवड्यांत होतो, दुसऱ्यात सहा-आठ महिने सहज जातात. दोन्हीकडे एकाच वेळी प्रयत्न करायचे.

आधी प्रश्न, मग पोर्टल

'मला डेटा सायन्समध्ये पोस्टडॉक करायची आहे' या वाक्याने काहीच साधत नाही. प्राध्यापक मंडळी माणूस घेतात ती आपल्या प्रश्नासाठी. पावसाचा अंदाज, दीर्घिकांचं वर्गीकरण, जनुकांतले फरक, कुपोषणाचा नकाशा, नव्या पदार्थांचे गुणधर्म, असा काहीतरी ठोस प्रश्न त्यांच्यासमोर असतो. डेटाचं तंत्र हे त्या प्रश्नापर्यंत पोहोचायचं साधन. म्हणून कागदावर दोन ओळी लिहा: मला कोणता डेटा हाताळता येतो, आणि त्याच तंत्राने सुटेल असा शेजारच्या विषयातला प्रश्न कोणता?

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. कोल्हापुरात थिन फिल्म, गॅस सेन्सर, सुपरकपॅसिटर यांवर पीएचडी करणारे खूप. त्यांच्याकडे वर्षानुवर्षांची एक्सआरडीची (क्ष-किरणांनी पदार्थाची रचना तपासण्याची) आणि विद्युत मोजमापांची आकडेवारी पडून असते. ती नीट मांडता आली आणि मटेरियल्स प्रोजेक्टसारख्या खुल्या डेटाबेसशी जोडता आली, तर मटेरियल्स इन्फर्मेटिक्स, म्हणजे डेटाच्या मदतीने पदार्थांचा अभ्यास, हे अख्खं क्षेत्र उघडतं. तिथे नुसता कोड लिहिणाऱ्यांपेक्षा ज्याने प्रयोगशाळेत हात काळे केलेत अशा माणसाला जास्त किंमत असते, कारण कोणतं मोजमाप विश्वासाचं आणि कोणतं उपकरणाच्या चुकीमुळे आलेलं, हे त्याला कळतं. संख्याशास्त्रातून आलेल्यांना साथरोगशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य जवळचं. भूगोल किंवा जलसंधारणातून आलेल्यांना हवामान आणि पूर.

हे ठरल्यावर माणसं शोधायची. तुमच्या विषयातले गेल्या तीन वर्षांतले आवडलेले वीसेक शोधनिबंध काढा. प्रत्येकाचा शेवटचा लेखक आणि पत्रव्यवहाराचा लेखक कोण ते पाहा. त्यांच्या गटाचं संकेतस्थळ उघडा: सध्या किती जण आहेत, गेल्या वर्षी कोण सोडून गेलं, नवा प्रकल्प मंजूर झालाय का. असा तीस-चाळीस नावांचा तक्ता हातात आला की अर्धं काम झालं.

कधी सुरुवात करायची

प्रबंध जमा करण्याच्या साधारण एक वर्ष आधी. ऐकायला हे लवकर वाटेल, पण फेलोशिपच्या तारखा आपल्या व्हायवासाठी थांबत नाहीत. युरोपातली मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिप साधारणपणे वसंतात खुली होते आणि सप्टेंबरमध्ये बंद होते, आणि अंतिम तारखेला पीएचडी पूर्ण असावी लागते. खगोलशास्त्रातल्या बऱ्याच जाहिराती ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये येतात आणि रुजू व्हायचं असतं पुढच्या वर्षी. गणित आणि संख्याशास्त्रातही हिवाळ्याचाच हंगाम. प्रकल्पातल्या जागा मात्र बारा महिने निघतात.

आपल्याकडे प्रबंध जमा झाल्यावर परीक्षकांचे अहवाल येईपर्यंत बराच काळ जाऊ शकतो. त्या काळात हातावर हात ठेवून बसू नका. भारतातल्या राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपला प्रबंध जमा केलेले उमेदवारही अर्ज करू शकतात. प्रबंध जमा केल्याचं पत्र विभागाकडून त्याच आठवड्यात घ्या. व्हायवानंतर प्रोव्हिजनल सर्टिफिकेट आणि पदवी जाहीर झाल्याचं नोटिफिकेशन, दोन्हींच्या रंगीत स्कॅन प्रती स्वतःकडे ठेवा. पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज करा. त्यावरचं नाव आणि पदवीवरचं नाव अक्षरशः एकच असावं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींना याचा फार त्रास होतो. शोधनिबंधांवर आधीचं नाव असेल तर तेच पुढे चालू ठेवा आणि ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची कायमची ऑनलाइन ओळख) सोळा अंकी क्रमांक काढून सगळे निबंध त्याखाली आणा.

उघडून पाहता येईल असं काम

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. मोठ्या आयआयटीचं नाव असलेल्या अर्जाकडे समोरचा आधी विश्वासाने पाहतो. आपल्या विद्यापीठाचं नाव म्युनिकच्या किंवा मेलबर्नच्या प्राध्यापकाला माहीत असेलच असं नाही. मग त्याने विश्वास कशावर ठेवायचा? त्याला पाच मिनिटांत उघडता येईल, चालवून पाहता येईल अशा तुमच्या एका कामावर. डेटाच्या क्षेत्राची ही मोठी मोकळीक आहे. इथे महागडं यंत्र लागत नाही, खुला डेटा आणि साधा लॅपटॉप पुरतो.

एक काम कसं उभं करायचं ते पंचगंगेवर दाखवतो. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी आपल्याकडे घराघरांत विचारली जाते. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. प्रश्न असा घ्या: वरच्या भागात पडलेल्या पावसावरून उद्याची पातळी किती नेमकी सांगता येते?

पाऊस भारतीय हवामान विभागाकडून मिळतो. पुण्याच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर १९०१ पासूनचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या चौकटींत फुकट उतरवून घेता येतो. पहिली अडचण इथेच येते. पाव अंश म्हणजे साधारण सत्तावीस किलोमीटरची चौकट. गगनबावड्याला धो-धो कोसळतं आणि कोल्हापूर शहरात भुरभुर असते, आणि हा सगळा फरक दोन-तीन चौकटींत दडपला जातो. हे तुमच्या टिपणात स्पष्ट लिहा. दुसरी अडचण राधानगरीची. धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे उघडले की भोगावतीतून पाणी येतं, आणि त्याचा त्या दिवशीच्या पावसाशी थेट मेळ बसत नाही. तिसरी अडचण पातळीच्या नोंदींची: काही दिवस गायब, काही ठिकाणी फूट-इंच तर काही ठिकाणी दशांश.

आता मॉडेल. इथे बहुतेक जण घसरतात. सगळे दिवस एकत्र पिसून ऐंशी टक्के शिकायला आणि वीस टक्के तपासायला ठेवले, तर २०१९ च्या पुरातला एक दिवस शिकण्यात जातो आणि त्याच्या शेजारचा दिवस तपासण्यात. पातळी एका दिवसात फारशी बदलत नाही, त्यामुळे मॉडेल अचूक दिसतं, पण त्याने पूर आधी पाहिलेला असतो. योग्य रीत म्हणजे २०१९ आणि २०२१ ही पुराची वर्षं आख्खी बाजूला ठेवायची. शिवाय 'उद्या आजच्याइतकीच पातळी' हा साधा अंदाज शेजारी ठेवायचा आणि तुमचं मॉडेल त्याला किती मागे टाकतं ते दाखवायचं. कदाचित फार मागे टाकणार नाही. तरीही लिहा. 'चढत्या पाण्यात माझं मॉडेल उपयोगी, ओसरत्या पाण्यात साध्या अंदाजाइतकंच' असं काही तुमच्या आकड्यांतून निघालं, तर त्या एका ओळीने अनुभवी माणसाला कळतं की हा स्वतःशी प्रामाणिक राहून काम करतो.

हे गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांना पाहता येईल असा ठेवायच्या संकेतस्थळावर टाका. सुरुवातीच्या फाइलमध्ये प्रश्न काय, डेटा कुठून घेतला, कोड कसा चालवायचा आणि मर्यादा कोणत्या, इतकं एका पानात बसवा. कोडमध्ये कोणत्या सॉफ्टवेअर लायब्ररीची कोणती आवृत्ती वापरली त्याची फाइल जोडा. मग दुसऱ्याच्या लॅपटॉपवर ते चालतंय का ते मित्राकडून तपासून घ्या; हा टप्पा गाळू नका. शेवटी झेनोडो या संशोधनाच्या खुल्या साठ्यात ठेवून डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) घ्या, म्हणजे सीव्हीत त्याला कायमचा पत्ता मिळतो. असं एक पूर्ण काम अर्धवट सोडलेल्या कोडच्या वीस नोटबुकांपेक्षा मोलाचं आहे. प्रयोगशाळेचा अप्रकाशित डेटा मात्र गाइडच्या परवानगीशिवाय टाकायचा नाही, आणि रुग्णांची माहिती तर कधीच नाही.

पैसे भरून आठवड्यात छापून देणाऱ्या जर्नलांपासून लांब राहा. तसे पाच निबंध सीव्हीत असले की समोरचा उरलेल्या चांगल्या निबंधाकडेही संशयाने पाहतो.

जागा कुठे निघतात

भारतात पहिली नजर पुण्यावर टाका. कोल्हापूरहून सकाळी निघून दुपारी चर्चा करून रात्री परत येता येतं. खगोलशास्त्राला आयुका आणि एनसीआरए, हवामानाला आयआयटीएम, जीवशास्त्र आणि डेटा सायन्सला आयसर, संगणनाला सी-डॅक. पुढे बंगळुरूची आयआयएससी आणि आयसीटीएस, मुंबईची टीआयएफआर, चेन्नईची सीएमआय आणि आयएमएससी, कोलकात्याची आयएसआय. यांच्या जाहिराती बऱ्याचदा फक्त त्यांच्याच संकेतस्थळावर येतात, वर्तमानपत्रात नाही. दर सोमवारी तासभर काढून ही पानं पाहायची सवय लावा.

प्रकल्पातल्या रिसर्च असोसिएट पदाचे दर केंद्राने २०२३ मध्ये वाढवले: पहिल्या पायरीला दरमहा ५८,०००, दुसरीला ६१,००० आणि तिसरीला ६७,००० रुपये, वर घरभाडे. जाहिरातीत याहून कमी आकडा दिसला तर निधी कुणाचा आहे ते विचारा.

राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप पूर्वी सर्ब या केंद्राच्या संशोधन मंडळाकडून मिळायची, आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडून मिळते. मुदत दोन वर्षं, आणि ती आयुष्यात एकदाच घेता येते. वयोमर्यादा ३५, महिला आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत. यजमान मार्गदर्शकाची संमती आणि संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. इथेच खूप अर्ज अडकतात, कारण सहीसाठी संस्थेला पंधरा दिवस हवे असतात आणि उमेदवार तीन दिवस आधी मागतो. घर-संसारामुळे मध्ये खंड पडलेल्या महिलांनी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची वाइज-पीडीएफ ही फेलोशिप जरूर पाहावी. स्वतःचं स्वतंत्र काम तयार असेल तर पुढची पायरी म्हणजे पाच वर्षांची इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिप.

परदेशातल्या जाहिरातींची संकेतस्थळं अशी: युरोपासाठी युरॅक्सेस, ब्रिटनसाठी जॉब्स डॉट एसी डॉट यूके, सर्वसाधारण नेचर करिअर्स, गणित-संख्याशास्त्राला मॅथजॉब्स, खगोलाला अमेरिकन अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं जॉब रजिस्टर. शोधताना नुसता 'पोस्टडॉक' शब्द टाकू नका. 'रिसर्च असोसिएट', 'रिसर्च फेलो', 'रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर' हेही टाका. जर्मनीत हेच पद 'विसनशाफ्टलिशर मितआर्बायटर' नावाने निघतं आणि पगारश्रेणी ई १३ लिहिलेली असते. जर्मनीत जाणार असाल तर आनाबिन या त्यांच्या सरकारी यादीत आपल्या विद्यापीठाची नोंद आधीच पाहून ठेवा.

मारी क्युरी फेलोशिपसाठी आपल्याला एक गोष्ट अनुकूल आहे. ज्या देशात जायचं, तिथे गेल्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. कोल्हापुरात पीएचडी केलेल्याला ही अट आपोआप पार होते. पण २०२५ मध्ये तिथे सतरा हजारांहून जास्त अर्ज आले, त्यामुळे केवळ याच एका फेलोशिपवर विसंबू नका. हुम्बोल्ट फेलोशिपला वर्षभर केव्हाही अर्ज करता येतो, पीएचडी गेल्या चार वर्षांतली हवी आणि जर्मनीतल्या यजमानाची संमती हवी.

प्राध्यापकाला पत्र

बऱ्याच जागा जाहिरात निघण्याआधीच कुणाच्या तरी मनात असतात. म्हणून थेट ईमेल. पण 'आदरणीय सर, मी आपल्या नामांकित संस्थेत काम करू इच्छितो' असं एकच पत्र शंभर जणांना गेलं की शंभर ठिकाणी ते पुसलं जातं. इंग्रजीत लिहायच्या पत्राचा सांगाडा असा ठेवा.

विषयात नेमकं: कोणता प्रश्न, कोणती फेलोशिप, कधीपासून मोकळे. पहिल्या दोन वाक्यांत त्यांच्या एखाद्या निबंधातली विशिष्ट गोष्ट, आणि तिच्यावर तुमचा एक खरा प्रश्न. म्हणजे, 'तुम्ही पुराच्या मॉडेलमध्ये धरणाचा विसर्ग धरलेला नाही. आमच्या खोऱ्यात त्याने मोठा फरक पडताना मला दिसला' असं. मग तीन वाक्यांत तुमचं काम आणि एकच दुवा. मग थेट विचारणा: पुढच्या वर्षी जागा निघणार आहे का, किंवा अमुक फेलोशिपसाठी यजमान व्हाल का? दोनशे शब्दांत संपवा, दोन पानी सीव्ही जोडा. मंगळवार ते गुरुवार, त्यांच्या सकाळी पोहोचेल असं पाठवा. दोन आठवड्यांनी एक नम्र आठवण, मग पुढचं नाव. उत्तर न येणं हा तुमच्या लायकीवरचा निकाल नसतो. त्यांच्या इनबॉक्सची तीच रीत आहे.

शिफारसपत्रं

तीन माणसं लागतात. त्यातला किमान एक तुमच्या विद्यापीठाबाहेरचा असावा. म्हणून पीएचडी चालू असतानाच एखाद्या समर स्कूलमध्ये किंवा कार्यशाळेत भेटलेल्या प्राध्यापकासोबत छोटं काम करा. आपल्याकडे गाइड म्हणतात, 'तूच लिहून आण, मी सही करतो.' बाहेर ही पद्धत चालत नाही. पत्र गोपनीय असतं आणि ते गाइडने स्वतः पोर्टलवर चढवायचं असतं, तेही संस्थेच्या अधिकृत ईमेलवरून. जीमेलवरून आलेलं पत्र काही ठिकाणी स्वीकारतच नाहीत. सरांना हे आदराने आणि वेळेत सांगा. सोबत एक पान द्या: कोणती जागा, कोणती तारीख, आणि तुमच्या कामातले कोणते तीन प्रसंग त्यांना आठवून देता येतील. 'अत्यंत कष्टाळू व प्रामाणिक विद्यार्थी' या ओळीपेक्षा 'दोन वर्षांच्या नोंदींतली मोजमापाची चूक हिने शोधून काढली' ही ओळ वजनदार ठरते.

मुलाखत

साधारण वीस मिनिटं सादरीकरण, तेवढेच प्रश्न, बहुतेकदा ऑनलाइन. आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते. यूपीएस आणि दुसऱ्या कंपनीचं सिमकार्ड तयार ठेवा. घरात गडबड असेल तर विभागातली एखादी खोली मागून घ्या.

प्रश्न तंत्रावर कमी आणि निवडीवर जास्त येतात. हेच मॉडेल का? गहाळ नोंदींचं काय केलंत? दुप्पट डेटा मिळाला तर काय बदलाल? सहलेखकांच्या निबंधात नेमकं तुमचं काय? शेवटच्या प्रश्नाला 'आम्ही केलं' असं उत्तर देण्याची आपल्याला सवय असते, आणि ती नम्रतेतून आलेली असते. इथे मात्र 'हा भाग मी केला' असं स्वच्छ सांगायचं. इंग्रजीची धास्ती असेल तर विभागातल्या मित्रांसमोर सादरीकरण पुन्हा पुन्हा करा. वेग कमी ठेवा, वाक्यं लहान ठेवा. उच्चारापेक्षा मुद्दा पोहोचणं मोलाचं.

होकार देण्याआधी

करार किती महिन्यांचा, मुदतवाढ कशावर अवलंबून, आरोग्य विमा आहे का, संगणन कुठे मिळेल, स्वतःचा प्रश्न हाताळायला आठवड्यातून किती वेळ, हे लेखी विचारा. याला कुणी उर्मटपणा मानत नाही. परदेशी जाताना तिकीट, व्हिसा आणि घराची अनामत हा सगळा खर्च आधी आपल्या खिशातून होतो आणि परतावा दोन महिन्यांनी मिळतो. त्यामुळे आगाऊ रक्कम मिळते का ते जरूर विचारा. ज्यांच्या घरात एकरकमी दोन-अडीच लाख उभे राहू शकत नाहीत त्यांच्यासाठी हा प्रश्न सगळ्यात आधीचा. आणि नोकरी देण्यासाठी 'प्रोसेसिंग फी' मागणारी कोणतीही संस्था खरी नसते. पत्र कितीही देखणं असो, पैसे मागितले की तिथेच थांबा.

आधीच्या गटात काम केलेल्या एखाद्या पोस्टडॉकशी अर्धा तास बोला. सुट्टी मिळते का, निबंधावर पहिलं नाव मिळतं का, करार संपल्यावर लोक कुठे गेले, हे तोच खरं सांगेल.

कोल्हापुरात परतायचं असेल तर

पुष्कळांना दोन-चार वर्षांनी परत यायचं असतं, आई-वडील इथेच असतात. प्राध्यापकपदासाठीच्या यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत छाननीच्या गुणांत पोस्टडॉकचा अनुभव अध्यापनाबरोबरीने धरला आहे: वर्षाला २ गुण, जास्तीत जास्त १०. हे गुण कागदावर मिळतात, म्हणून नियुक्तीपत्र, रुजू झाल्याचा अहवाल, पगाराच्या पावत्या आणि शेवटी संस्थेच्या लेटरहेडवरचं अनुभव प्रमाणपत्र, ज्यावर 'पोस्टडॉक्टरल' हा शब्द आणि दोन्ही तारखा स्पष्ट असतील, एवढं निघायच्या आधीच घ्या. नेट किंवा सेट राहिली असेल तर पोस्टडॉकच्या पहिल्या वर्षातच उरकून टाका. परदेशातून एखाद्या परीक्षेसाठी येणं महागात पडतं, म्हणून शक्य असेल तर जायच्या आधीची सेट चुकवू नका.